मास्टर लिहीत आहेत

मास्टरांना आपलं जन्मसाल सांगू नये. मी पहिल्याच भेटीत सांगून बसलो. "१९८२," म्हणालो, तर त्यांनी हातातला चहाचा मग खाली ठेवला आणि माझ्या पत्रिकेत काहीतरी गंभीर निघाल्यासारखं माझ्याकडे पाहिलं. "सीमस डार्बी!" ते पुटपुटले, आणि मग ओघ सुटला. केरी काउंटीनं सलग चार वर्षं गेलिक फुटबॉलची ऑल-आयर्लंड स्पर्धा जिंकलेली. पाचव्यांदा जिंकणारच म्हणून विजयाचं गाणंसुद्धा आधीच तयार. आणि सामना संपायला दोनेक मिनिटं उरलेली असताना ऑफली काउंटीचा हा बदली खेळाडू येतो काय, गोल मारतो काय, आणि केरी एका पॉइंटानं हरते काय! माझ्या जन्मवर्षाची हकिकत माझ्या आईनंही इतक्या तपशिलानं कधी सांगितली नव्हती.

"आणि आपला क्लब?" मी रीत म्हणून विचारलं.

"आपणही हरलोच त्या वर्षी. पहिल्या फेरीत." जरा थांबून म्हणाले, "पण वारा विरुद्ध होता."

हाफटाइमला बाजू बदलतात, मग वारा दोन्ही वेळा विरुद्ध कसा, हे विचारायचं मला सुचलं तोवर मास्टर १९८३ वर पोचले होते.

मास्टर म्हणजे मेयो काउंटीतल्या आमच्या पॅरिशच्या दोनशिक्षकी शाळेचे निवृत्त मुख्याध्यापक. इथल्या खेड्यात मुख्याध्यापकाला नुसतं 'मास्टर' म्हणतात. नोकरीत असताना म्हणतात, निवृत्त झाल्यावर म्हणतात, आणि फादर ज्या अर्थी प्रार्थनेतही तसंच म्हणतात त्या अर्थी वरही तीच नोंद असावी. १९८४ साली गेलिक अ‍ॅथलेटिक असोसिएशनला, म्हणजे जी.ए.ए.ला, शंभर वर्षं झाली. गावोगावच्या क्लबांनी आपापले इतिहास छापायला काढले. आमच्या क्लबनंही ठराव केला. मास्टर तेव्हा तरुण होते, अक्षर चांगलं होतं, आणि त्या दिवशी सभेला उशिरा आले. उशिरा येणाऱ्याच्या गळ्यात काम पडतं, हा नियम अटलांटिकच्या काठीही लागू आहे. तेव्हापासून दर वार्षिक सभेच्या इतिवृत्तात एक वाक्य असतं: 'क्लबचा इतिहास अंतिम टप्प्यात आहे.' अध्यक्ष बदलले, खजिनदार बदलले, देशाचं चलन पौंडाचं युरो झालं, वाक्य तेच.

हे एवढं कशासाठी, असं आपल्याला वाटेल. गेलिक फुटबॉल हा पंधरा-पंधरा जणांचा खेळ. चेंडू हातात धरता येतो, पण चार पावलांपुरता. मग टप्पा टाकायचा नाहीतर पायाच्या चवड्यावरून उडवून परत हातात घ्यायचा. खांब इंग्रजी एच अक्षरासारखे. आडव्या दांड्याखालून जाळ्यात गेला तर गोल, म्हणजे तीन पॉइंट; वरून गेला तर साधारणपणे एक. पण खेळ हा भाग सोपा आहे. अवघड आहे तो क्लब. खेळाडूला पैसे मिळत नाहीत, ऑल-आयर्लंडच्या फायनलला क्रोक पार्कवर ८२ हजार प्रेक्षक जमले तरी नाहीत. रविवारी तिथे खेळलेला माणूस सोमवारी शाळेत शिकवायला, नाहीतर गाईचं दूध काढायला हजर असतो. आणि क्लब निवडायचा नसतो. ज्या पॅरिशमध्ये जन्मलात तो तुमचा क्लब. त्यातून सुटका दोनच मार्गांनी, परदेशगमन किंवा मरण. मरणानंही तशी पुरती सुटका होत नाही, कारण शवपेटीवर क्लबची जर्सी घालतात. अशा क्लबचा इतिहास म्हणजे आपल्या गणेशोत्सव मंडळाची स्मरणिका. वाचत कोणीच नाही, पण आपल्या आजोबांचं नाव त्यात नसलं तर बघा.

मास्टरांच्या हस्तलिखिताचं घोडं पहिल्याच प्रकरणात अडलं आहे. क्लबची स्थापना कधी झाली? नदीपलीकडच्या पॅरिशचा क्लब आहे. मास्टर त्याचं नाव घेत नाहीत, 'नदीपलीकडचे' म्हणतात. त्या क्लबचं पुस्तक १९८४ मध्ये वेळेवर आलं आणि मुखपृष्ठावरच त्यांनी स्थापनेचं साल छापून टाकलं. तेव्हापासून मास्टरांना त्याच्या आधीचं साल हवं आहे. एक दिवस आधीचं असलं तरी चालेल.

पुरावा कुठून आणायचा? खुद्द जी.ए.ए.चा जन्म १ नोव्हेंबर १८८४ रोजी टिपररीतल्या थर्लस गावी हेज हॉटेलात झाला, मायकेल क्युसॅकनं सभा बोलावली, मॉरिस डेव्हिन अध्यक्ष झाले, इथवर सगळे एकमत. पण त्या खोलीत माणसं किती होती? सात, असं परंपरा सांगते. जास्त होती, असं काही अभ्यासक म्हणतात. मास्टरांना या वादाचा मोठा आधार आहे. "आईलाच आपल्या बारशाला कोण कोण होतं आठवत नाही," ते म्हणतात, "तर लेकरानं कागद कुठून दाखवावेत?"

कागद शेवटी सापडला तो पोलिसांकडे. १८९० च्या सुमारास इंग्रज सरकारला प्रत्येक फुटबॉल क्लबात बंडखोर दिसत असत, त्यामुळे रॉयल आयरिश कॉन्स्टेब्युलरीच्या खास शाखेनं काउंटीवार याद्या केल्या: क्लब कुठे, सभासद किती, सेक्रेटरी कोण, वृत्तीनं फीनियन, म्हणजे बंडखोर, की पाद्र्याच्या ताटाखालचं मांजर. हे अहवाल आज डब्लिनच्या राष्ट्रीय अभिलेखागारात आहेत. आमच्या क्लबच्या सेक्रेटरीनं स्वतः एक ओळ लिहून ठेवली नव्हती. त्याच्या पाळतीवरच्या हवालदारानं मात्र सुवाच्य अक्षरात सगळं टिपलं होतं. देशभक्त पूर्वजांच्या अस्तित्वाला साक्षीदार कोण, तर गुप्त पोलीस. मास्टरांनी त्या अनाम हवालदाराचे प्रस्तावनेत आभार मानले होते. कमिटीनं ते काढायला लावले. मास्टरांनी ते तळटिपेत घातले.

त्याच शोधात त्यांना आणखी एक वस्तू मिळाली, आणि ती त्यांनी फक्त मला दाखवली, कारण मी भारतीय. एका पडक्या घराच्या माळ्यावरची क्रिकेटची धावपुस्तिका! क्रिकेट हा एकेकाळी आयर्लंडच्या खेड्यापाड्यांतला खेळ होता; जमीनदाराच्या मैदानावर कुळंही खेळत. आमच्याच काउंटीतल्या कासलबारची मॉल नावाची हिरवळ ही जमीनदार लॉर्ड लूकनच्या घराण्याची क्रिकेटची जागा. आणि तिच्याच कडेला इंपीरियल हॉटेलात १८७९ मध्ये जमीनदारांच्या विरोधात लँड लीग स्थापन झाली. धावपुस्तिकेतली नावं मास्टरांनी पोलिसांच्या यादीशी ताडून पाहिली. अकरांपैकी सात जुळली. म्हणजे आमच्या क्लबचे हुतात्म्यांच्या तोडीचे आद्य पुरुष शनिवारी लॉर्डसाहेबांच्या हिरवळीवर लेग बाय पळत होते.

"छापणार?" मी विचारलं.

"माझ्या मरणानंतर," मास्टर म्हणाले.

भीती अगदीच निराधार नाही. जी.ए.ए.नं पुढे परक्या खेळांवर बंदी घातली. सॉकर, रग्बी, हॉकी, क्रिकेट खेळणाराच नव्हे, नुसता पाहणाराही निलंबित. त्यासाठी पहारेकरी नेमलेले असत. १९३८ मध्ये देशाचे राष्ट्राध्यक्ष डग्लस हाइड एका आंतरराष्ट्रीय सॉकर सामन्याला हजर राहिले, तर जी.ए.ए.नं त्यांचंच नाव आश्रयदात्यांतून कापलं. ज्या माणसानं आयरिश भाषा वाचवायला जन्म घालवला, त्याची ही गत. मग आमच्या पॅरिशमधला जो लोहाराचा मुलगा स्लायगोला सॉकर पाहायला गेला, त्याला कोण विचारतो? सहा महिने बाहेर. बंदी १९७१ मध्ये उठली, पण त्या मुलाचं नाव कोणी कळवलं हा प्रश्न उठलेला नाही. मास्टरांना उत्तर ठाऊक आहे. सगळ्या पॅरिशला ठाऊक आहे. कळवणाऱ्याचा नातू सध्या क्लबचा खजिनदार असून पुस्तकाच्या छपाईचे पैसे त्याच्याकडे आहेत. प्रकरणात वाक्य असं आहे: 'काउंटी बोर्डाला अन्य मार्गाने माहिती मिळाली.'

मास्टरांचं गद्य अशा जागी फार आटोपशीर होतं. एरवी १९३६ च्या एका थ्रो-इनवर तीन पानं लिहिणारा हा माणूस. पण १९२२-२३ ची यादवी, ज्यात एकाच संघाचे खेळाडू एकमेकांवर बंदुका रोखून होते, ती त्यांनी एका ओळीत उरकली आहे: 'या काळात नियमित सामने होऊ शकले नाहीत.'

पराभवांना मात्र जागा भरपूर. आणि इथे मास्टरांची खरी प्रतिभा दिसते, कारण ते हरलेला सामना गणितानं जिंकतात. सुरुवातीला खेळात फक्त गोल मोजत. १८८६ मध्ये पॉइंट आले, पण एका गोलापुढे कितीही पॉइंट फिके. १८९२ मध्ये गोलाचे पाच पॉइंट ठरले, १८९६ मध्ये तीन. शिवाय आधी संघ एकवीस जणांचा, मग सतरांचा. पंधरा झाले ते १९१३ मध्ये. आता, त्या जुन्या काळात नदीपलीकडच्यांनी आमच्यावर एक गोल केला आणि आम्ही सहा पॉइंट केले. आम्ही हरलो. पण मास्टर तळटिपेत वाचकाच्या नजरेस आणतात, की आजच्या नियमानं तोच सामना आपण सहा विरुद्ध तीन असा आरामात जिंकला असता. अशा तळटिपांच्या जोरावर एकोणिसाव्या शतकात आमचा क्लब जवळजवळ अजिंक्य आहे. २०२५ मध्ये चाळीस मीटरच्या कमानीबाहेरून मारलेल्या पॉइंटाला दोन पॉइंट द्यायचा नवा नियम आला, तेव्हा सगळ्यांना वाटलं मास्टर वैतागतील. ते उलट खुलले. "म्हणजे पुन्हा सगळं मोजावं लागणार," म्हणाले. जुन्या बातम्यांत किक किती लांबून मारली ते दिलेलं नसतं. पण 'जोरदार' असा शब्द असला की मास्टर दोन धरतात.

जे सामने गणितानंही जिंकता येत नाहीत, ते हरकतींमुळे गेलेले असतात. हरकत हा इथला दुसरा राष्ट्रीय खेळ. तो मैदानात हरल्यावर काउंटी बोर्डाच्या खोलीत खेळतात. संघाची यादी आयरिश भाषेत हवी, नावाचं स्पेलिंग चुकलं तर हरकत. एके काळी कागदसुद्धा आयरिश बनावटीचाच लागे. तो दिव्यापुढे धरून जलचिन्ह बघत, आणि कागद परका निघाला की सामना गेला. मास्टरांचं एक अख्खं प्रकरण आहे, 'मैदानावर जिंकलेले, कागदावर हरलेले'. त्याच्या उलट प्रकारचं, म्हणजे कागदावर जिंकलेल्या सामन्यांचं प्रकरण लिहायला त्यांना अजून सवड झालेली नाही.

सगळ्यात वेळखाऊ काम छायाचित्रांचं. जुन्या संघाचा फोटो घेऊन मास्टर घरोघर जातात. प्रत्येक घरी चहा, सोडाब्रेड, सफरचंदाची टार्ट. नाही म्हणायची सोय नाही, कारण त्या घरातून आजोबांची पदकं बाहेर निघायची असतात. मागच्या रांगेत टोपी घातलेला एक मिशीवाला आहे. त्याच्यावर आजवर पाच घराण्यांनी हक्क सांगितला आहे. मास्टरांनी कोणालाच नाही म्हटलेलं नाही. वर्तमानपत्रात त्या संघाची नावं आहेत, पण त्या जागी छापलंय 'अन्य एक'. हा अन्य एक म्हणजे कोणी सेमिनरीत शिकणारा भावी पाद्री असण्याचा दाट संभव. चर्चच्या नियमानं त्यांना असे सामने खेळायची मनाई होती, म्हणून कित्येक जण खोट्या नावानं खेळत. प्रेक्षकांत बसलेल्या बिशपसकट सगळ्यांना ते कळत असे, आणि गोल झाला की बिशपही टाळ्या वाजवत, असं मास्टर सांगतात. पुरावा मागितला की टार्टचा आणखी एक तुकडा घेतात.

४ ऑगस्ट १९१८ च्या प्रकरणाची तर कथाच वेगळी. सामन्यांना सरकारी परवाना लागेल असा इंग्रजांनी हुकूम काढला, म्हणून जी.ए.ए.नं त्या रविवारी दुपारी तीन वाजता देशभर एकाच वेळी विनापरवाना सामने लावले. हजारो माणसं मैदानात उतरली, सरकार बघत राहिलं. आमच्या पॅरिशमध्येही सामना झाला. 'त्यात माझे आजोबा होते' असं मास्टरांना इतक्या लोकांनी सांगितलं आहे, की त्यांच्या यादीत आमच्या एका संघात त्रेचाळीस खेळाडू आहेत. एक नाव कमी करायचं तर कोणाचं? त्या घराच्या दारावरून रोज मासला जायचं असतं. मास्टरांनी तोडगा काढला: 'खेळाडू अधूनमधून बदलत होते.'

आमच्या क्लबच्या नावावर एकच अजिंक्यपद आहे, ज्युनिअर चॅम्पियनशिप, आणि त्याचीही कथा नाजूक. १९५० च्या दशकात मेयोतून माणसं अशी गेली, की संघाला पंधरा जण मिळायची मारामार. कोणी बॉस्टन, कोणी मँचेस्टर, कोणी लंडनच्या बांधकामांवर. मास्टरांपाशी त्या वर्षांची एक वही आहे. सेक्रेटरी दर महिन्याला एखाद्या नावावर रेघ मारून पुढे शहराचं नाव लिहीत गेला, आणि शेवटच्या पानावर शहराचं नाव आहे ते त्याच्या स्वतःच्या नावापुढे. या पानाबद्दल मास्टर विनोद करत नाहीत, तळटीपही देत नाहीत. मग नाइलाजानं दोन्ही पॅरिशचा मिळून एक संघ झाला. नदीच्या अलीकडचे सात, पलीकडचे आठ. आणि तो जिंकला! चषक सहा महिने इकडे, सहा महिने तिकडे असं ठरलं. पहिले सहा महिने इकडे होते. ते अजून संपलेले नाहीत.

काउंटीचं दुःख निराळं. मेयोनं ऑल-आयर्लंड शेवटची जिंकली १९५१ मध्ये. विजयी संघाची मिरवणूक फॉक्सफर्डमधून जाताना वाटेत अंत्ययात्रा लागली, पोरं थांबली नाहीत, पाद्र्यानं शाप दिला: या संघातला एकही माणूस जिवंत असेतो मेयो पुन्हा जिंकणार नाही. अशी कथा, खरंखोटं देव जाणे. त्यानंतर मेयो फायनल हरली ती १९८९ पासून २०२१ पर्यंत अकरा वेळा. मास्टरांचा शापावर मुळीच विश्वास नाही, फक्त त्यांनी त्यावर चाळीस पानांचं परिशिष्ट लिहिलं आहे. २०२१ मध्ये फायनल हरल्यावर दोनच आठवड्यांनी १९५१ च्या संघातला शेवटचा खेळाडूही वारला. पॅरिशनं हळहळ व्यक्त केली, आणि मग हळूच एकमेकांकडे पाहिलं. आता तर मोकळे! पण त्यानंतरचे हंगामही कोरडेच गेले. मास्टर तेव्हापासून अस्वस्थ आहेत. शाप असेपर्यंत निदान कारण होतं.

आमच्या घरी ते आले ते माझ्या मुलीच्या नावासाठी. ती दहा वर्षांखालच्या संघात खेळते, आणि पुस्तकातला शेवटचा फोटो त्या संघाचा. 'कुलकर्णी' त्यांनी तीनदा लिहून घेतलं. हरकत येऊ नये म्हणून. मग वही उघडून त्यांनी नेहमीचा प्रश्न विचारला, "तुमचं पॅरिश कुठलं?" मी कणकवलीजवळच्या गावाचं नाव सांगितलं. मास्टरांचे डोळे चमकले. "मालवणजवळ का? वराड माहीत आहे?" लिओ वराडकर आयर्लंडचे पंतप्रधान झाले तेव्हाच मास्टरांनी त्यांच्या वडिलांचं गाव नकाशावर शोधून ठेवलं होतं. "वराडची टीम कशी आहे?" त्यांनी विचारलं. मी म्हणालो, आमच्याकडे कबड्डी खेळतात. "शेजारच्या गावाशी भांडण असतं?" असतं, म्हणालो. मास्टरांनी समाधानानं मान हलवली आणि चौथी चकली उचलली. भारताची त्यांना आता पूर्ण कल्पना आली होती.

यंदा कमिटीनं अखेर कंबर कसली. नाताळापूर्वी प्रकाशन, हॉल ठरला, छापखान्याला आगाऊ रक्कम गेली. नावांची सूची तपासायला म्हणून मलाही बोलावलं होतं. आम्ही बसलो असताना दारात नदीपलीकडचे पोस्टमास्तर उभे. हे तिकडच्या क्लबचे इतिहासकार, १९८४ च्या त्या पुस्तकाचे लेखक, मास्टरांचे आजन्म वैरी. त्यांच्या हातात एक पाकीट होतं. "कासलबारच्या लायब्ररीत मायक्रोफिल्म बघत होतो, भलत्याच कामासाठी," ते म्हणाले. "हे तुमच्या कामाचं दिसलं. न देणं बरं दिसलं नसतं."

आत एका जुन्या बातमीची छायाप्रत होती. मास्टरांनी चष्मा पुसला, वाचली, पुन्हा वाचली. नदीपलीकडच्या मुखपृष्ठावरच्या सालाच्याही आधीची तारीख, आणि त्यात आमच्या क्लबचा उल्लेख चक्क 'या भागातला जुना व अनुभवी क्लब' असा! चार दशकं ज्या ओळीसाठी डोळे फोडले ती ओळ. मी अभिनंदन करायला हात पुढे केला. मास्टरांनी तो घेतला नाही. पोस्टमास्तर खिडकीबाहेर बघत होते, फार निरागसपणे. मी छायाप्रत घेऊन पुढची ओळ वाचली. त्या जुन्या व अनुभवी क्लबला त्या दिवशी, नदीपलीकडे गेल्याच पंधरवड्यात स्थापन झालेल्या पोरासोरांच्या संघानं चार गोलांनी हरवलं होतं. आमचा गोल शून्य. पॉइंट तेव्हा मोजतच नसत, त्यामुळे गणिताला वाव नाही. वाऱ्याचा उल्लेख नाही.

मास्टर बराच वेळ बोलले नाहीत. मग त्यांनी फोन उचलला आणि छापखान्याला सांगितलं, की मजकूर थांबवा. कमिटीचे अध्यक्ष कपाळाला हात लावून बसले. "मास्टर, आता काय राहिलं?"

"रेफ्री," मास्टर वही उघडत म्हणाले. "रेफ्री कुठल्या पॅरिशचा होता, ते बातमीत दिलेलं नाही."